तुकईच्या थडीवरील उपरे

गावाचे नाव हा त्या गावाच्या इतिहासाचा पहिला कागद होय. तो कोणी दप्तरात बांधून ठेवलेला नसतो, म्हणून त्याला वाळवी लागत नाही. मध्य प्रदेशाच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तालुक्यात तुकईथड नावाचे गाव आहे. खंडव्याहून अकोल्यास जाणाऱ्या जुन्या मीटरगेज गाडीने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना या स्टेशनाची पाटी आठवत असेल. तुकई हे तुळजापूरच्या भवानीचे घरगुती नाव. महाराष्ट्रातील कितीतरी टेकड्यांवर देवी या नावाने बसली आहे. थड म्हणजे नदीचा काठ. गंगथडी, भीमथडी या शब्दांत तीच थड आहे. नाव जसे कानी येते तसाच त्याचा अर्थ घेतला, तर तो होतो ‘तुकईचा काठ’. पण सभोवार पाहावे तो सातपुड्याचे रान, आणि त्या रानातील जुनी वस्ती कोरकूंची. कोरकूंची बोली मराठी नव्हे आणि हिंदीही नव्हे. ती मुंडा कुळातील, संथाळी आणि मुंडारी यांच्या नात्यातील आहे. या रानात आपल्या देवीचे नाव आले ते कोणाच्या तरी पायांनी चालत आले असले पाहिजे. कोणी दक्षिणेकडून आला, थांबला, आणि त्या जागेस त्याने आपल्या आईचे नाव दिले, एवढे अनुमान बांधावयास हरकत नाही. येणाऱ्याने परवाना घेतला होता की नाही याची नोंद गावाच्या नावात नसते.

हे सांगण्याचे कारण असे की, आज याच तालुक्यात आणि शेजारच्या नेपानगरच्या जंगलात ‘परवान्याविना आलेला माणूस’ हा मोठा कलहाचा विषय झाला आहे. खरगोन आणि बडवाणी या पश्चिमेकडील जिल्ह्यांतून टोळ्यांनी माणसे आली, त्यांनी सागवान आणि सलई तोडून जमीन मोकळी केली आणि तीत पेरणी केली. जंगल तोडून काढलेल्या अशा शेतास निमाडात ‘नेवाड’ म्हणतात. येणारे बहुतेक बारेला, म्हणजे तेही आदिवासीच. देशाची सीमा त्यांनी ओलांडलेली नाही. भारताच्या नागरिकास भारतात कोठेही वस्ती करण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. त्यांनी ओलांडली ती राखीव जंगलाची रेषा. तथापि एका देशातून दुसऱ्या देशात चोरून शिरणाऱ्यांविषयी जगभर जे वाद चालतात, त्यांची सारी लक्षणे येथे लहान प्रमाणावर दिसतात: रेषा आहे, कागदाची मागणी आहे, हाकलले जाण्याचे भय आहे, त्या भयावर पोसणारे मध्यस्थ आहेत, आणि जुन्या रहिवाशांचा राग आहे. म्हणून या छोट्या मुलुखाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर मोठ्या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास मदत होईल, असे आम्हांस वाटते.

आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील की, देवळाच्या पालखीचे आणि कुळाव्यांचे वृत्त छापणाऱ्या पानांत या रानातल्या तंट्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे, आणि ते आपल्या घरातलेच आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे कुलदैवत आज जेथे आहे तेथे ते मूळचे नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली, १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि १५६६-६७ या काळात साष्टीतील देवळे गेली. त्या धामधुमीत श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आणि श्रीरामनाथ लोटलीहून बांदिवड्यास आले. त्या काळी अंत्रुज प्रांत आदिलशाहीच्या अमलाखाली होता. पोर्तुगीजांच्या कायद्याने पाहिले तर हे स्थलांतर गुन्हा होता, आणि गाव सोडून गेलेल्यांच्या जमिनी जप्तीस पात्र होत्या. अंत्रुजेतील गावकऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर एके सकाळी त्यांच्या झाडीत परके लोक आपली मूर्ती घेऊन येऊन बसले होते. म्हणजे दोन्ही थडींवर आपले पूर्वज उपरेच होते.

या स्थलांतराचे अर्थकारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. गोव्यातील गावकरीची शेती, विशेषतः खाडीकाठची खाजन जमीन, ही एकट्यादुकट्याची शेती नव्हे. खाऱ्या पाण्यास अडविणारे बांध साऱ्या गावाने मिळून राखावे लागतात. बांध राखणारी माणसे गेली की भरतीचे पाणी शेतात शिरते, आणि एकदा शिरले की कित्येक हंगाम भात उभे राहत नाही. माणसे हाकलणे सोपे, पण त्यांच्या हातचे काम मागे राहते, हे सत्ताधीशांच्याही लवकरच लक्षात आले. शेते ओस पडू लागली तेव्हा १५६१ च्या अखेरीस नव्या व्हाइसरॉयाने जप्तीचे हुकूम सैल केले आणि परत येणाऱ्यांस जमिनी देण्याचे जाहीर केले. पलीकडच्या थडीवर, अंत्रुजेत, उलट घडले. तेथे नव्या वस्त्या वसल्या आणि देवळांभोवती भाविण, वाजंत्री, माळी, सोनार, पुरोहित अशा अनेकांचे उदरभरण चालू झाले. तरी त्या वस्तीस पक्का कागद मिळण्यास किती काळ लागला पाहा. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत मंत्री नारो राम यांच्या खटपटीने कवळे गाव श्रीशांतादुर्गेस मिळाला तो १७३९ मध्ये. श्रीमंगेशास गाव मिळाला तोही त्याच वर्षी, रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या शब्दावरून पेशव्यांकडून. झाडीतल्या पहिल्या आश्रयापासून इनामापर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. हा हिशोब मनात ठेवून आता आपण पुन्हा तापीकाठी जाऊ.

बऱ्हाणपूरचा प्रदेश हा येणाऱ्यांनीच घडविलेला प्रदेश आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फारुकी सुलतानांनी तापीकाठी हे शहर वसविले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर मोगलांचे दक्षिणेतील ठाणे झाले. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी कुंड्यांच्या रांगेने शहरात आणण्यात आले. ती कुंडी भंडाऱ्याची रचना आजही पाहावयास मिळते. ही विद्या पर्शियातून आलेली. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी शाहजहान बऱ्हाणपुरातच होता. मुमताजमहल येथेच १६३१ मध्ये वारली. अन्नाच्या शोधात माणसांचे लोंढे फिरत होते. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात लंगरखान्यांची आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याची नोंद आहे. एवढ्या अनर्थापुढे ते दान किती अपुरे होते हे सांगावयास नको. परंतु पोट भरण्यासाठी एका सुभ्यातून दुसऱ्या सुभ्यात आलेला माणूस त्या नोंदीत दुष्काळपीडित आहे, अपराधी नाही.

पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीने निमाड ओस पडला. पेंढाऱ्यांचा पुढारी चितू १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या रानात वाघाच्या तोंडी पडला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलूख शांत झाल्यावर माळवा-निमाडात नव्या अंमलदारांची पहिली चिंता कोणती होती? जमीन होती, नांगर धरणारे हात नव्हते. म्हणून सारा कमी करून, मुदतीची सूट देऊन लागवडीस माणसे बोलाविण्यात आली. रान तोडून जमीन काढणारा त्या काळी ‘रयत’ होता, आणि त्याचे कौतुक होत असे. हे वाक्य वाचकांनी विसरू नये, कारण पुढील पन्नास-साठ वर्षांतच त्याच कृत्यास दुसरे नाव मिळाले.

१८६० च्या दशकात हिंदुस्थानात लोहमार्गांचे जाळे पसरू लागले. रुळांखाली घालावयाच्या लाकडी स्लीपरांसाठी सागवान हवे होते, आणि सागवानासाठी जंगल सरकारच्या हाती असणे आवश्यक होते. १८६५ मध्ये पहिला वनकायदा झाला. १८७८ च्या कायद्याने ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ अशी जंगलांची विभागणी झाली, आणि १९२७ च्या कायद्याने ती पक्की केली. नकाशावर रेषा उमटली. रेषेच्या आत जे कोरकू पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, फिरती शेती करीत होते, मोहाची फुले वेचीत होते, ते एक पाऊलही न हलता परक्याच्या घरात राहणारे झाले. सरकारला लाकूडतोडीस आणि वणवे विझविण्यास मजूर तर लागतच होते. म्हणून काही वस्त्या ‘वनग्राम’ म्हणून ठेवण्यात आल्या. तेथे राहावयाचे, खात्याचे काम करावयाचे, पण जमिनीवर मालकी नाही, अशी ती व्यवस्था होती. आमच्या मते या भागातील आजच्या साऱ्या तंट्याचे मूळ येथे आहे. सर्वांत जुन्या रहिवाशाजवळ कागद नाही, आणि ज्याच्याजवळ कागद नाही तो जुना की नवा हे कचेरीत बसलेल्या माणसास ओळखता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर आणखी दोन रेषा पडल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडचे तुकडे झाले. मेळघाट अमरावतीसह मुंबई राज्यात गेला आणि पुढे महाराष्ट्रात आला, तर तुकईथड मध्य प्रदेशात राहिले. कोरकूंचे सोयरेधायरे दोन्ही बाजूंस उरले. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात सवलतींसाठी चालत नाही, ही अडचण त्यांस नव्याने लागली. दुसरी गोष्ट नेपानगरची. देशातील पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना येथे उभा राहिला, आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कागद होत असे तो सातपुड्यातील सलईचा आणि बांबूचा. कारखान्याभोवती देशाच्या नाना भागांतील माणसांची नगरी वसली. नेपा हे तिचे नाव कंपनीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. एक गाव देवीच्या नावाने वसले, दुसरे कंपनीच्या. वसविणारे दोन्हीकडचे बाहेरचेच. या कारखान्याने देशाची मोठी गरज भागविली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु तोडलेल्या जंगलाच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा त्या ज्या कागदावर छापल्या जात तो कागदही एके काळी याच जंगलाचा होता, हेही स्मरणात असावे. तोड दोन्ही ठिकाणी झाली. एकीस ठेका होता, दुसरीस नव्हता.

आता नव्या येणाऱ्यांमुळे काय झाले ते पाहू. येथे मन मऊ करून सत्य झाकणे योग्य होणार नाही. जंगल तुटले म्हणजे प्रथम बुडते ती जुन्या रहिवाशाची मिळकत. कोरकूंच्या घरी चैत्रात मोहाची फुले येतात, पुढे चारोळी येते, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे रोख पैसे हाती पडतात. हे उत्पन्न जमिनीच्या तुकड्यातून येत नाही, उभ्या झाडांतून येते. मोहाचे झाड एका दिवसात पडते. नवे लावले तर फुलावर येण्यास कित्येक वर्षे जातात. उतारावरची माती मोकळी झाली की दोन-चार पावसाळ्यांत ती ओढ्यानाल्यांतून तापीकडे जाते, आणि डोंगर पाणी धरीनासा होतो. खाली मैदानात बऱ्हाणपूरच्या प्रसिद्ध केळीच्या बागा विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यावर उभ्या आहेत. डोंगराचे नुकसान आज ना उद्या तेथवर पोहोचणारच.

दुसरा परिणाम नेवाड काढणाऱ्यावरच होतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. ज्याच्या जमिनीस पट्टा नाही त्याला बँकेचे कर्ज नाही, पीकविमा नाही, सरकारी खरेदीकेंद्रावर नोंदणी नाही. त्याने बी उसने आणावयाचे ते सावकाराकडून, आणि मका किंवा सोयाबीन विकावयाचे तेही त्याच्याच भावाने. उद्या हाकलतील म्हणून तो बांध घालीत नाही, विहीर खणीत नाही, झाड लावीत नाही. जमिनीतून दोन वर्षांत जे निघेल ते काढून घेतो. अंत्रुजेत आलेल्यांनी कुळागरे केली, कारण आपली नातवंडे त्या सुपाऱ्या वेचतील असा त्यांस भरवसा वाटत होता. भरवसा नसलेला माणूस जमीन कसत नाही, ओरबाडतो. आणि त्याच्या या दुर्बळपणावर लाकूड स्वस्तात उचलणारे व्यापारी आणि जागा दाखवून पैसे घेणारे दलाल जगतात. तोडीचा दोष त्याच्या माथी येतो, नफा मात्र त्याच्या झोपडीत दिसत नाही.

तिसरा परिणाम समाजावर झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेपानगर भागातील एका वनचौकीतून बंदुका लुटल्या गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये जमावाने रात्री नेपानगरच्या पोलीस ठाण्यावर हल्ला करून कोठडीतील आरोपी सोडवून नेले. गोफणी, दगड आणि बाण यांच्या माऱ्यात वनरक्षक जखमी झाले, गावकरी जखमी झाले. अशा कृत्यांस दारिद्र्याचे निमित्त पुरत नाही. परंतु त्याच दिवसांत स्थानिक आदिवासींनीच जागृत आदिवासी दलित संघटनेच्या वतीने रस्त्यावर येऊन ही तोड थांबवा अशी मागणी केली, आणि वन खात्यातील काहींच्या संगनमताशिवाय एवढी झाडे पडत नाहीत असा आरोप केला, हेही लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे हा तंटा ‘आदिवासी विरुद्ध सरकार’ असा सरळ नाही. जुना गरीब आणि नवा गरीब समोरासमोर उभे आहेत. आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या, कोणाचे काही न घेतलेल्या बारेला कुटुंबाकडेही शेजारी आता संशयाने पाहू लागला, ही सर्वांत वाईट गोष्ट झाली.

कायद्याने या प्रश्नास उत्तर दिलेले नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरविली. त्या दिवसापूर्वी जो आदिवासी वनजमीन कसत होता, त्याचा कमाल चार हेक्टरपर्यंतचा हक्क ग्रामसभेमार्फत मान्य व्हावा, आणि झाल्या अन्यायाचे परिमार्जन व्हावे, असा त्याचा हेतू. कागद नसलेल्यांसाठी गावातील वडीलधाऱ्यांची साक्षही पुरावा म्हणून धरली जाते, हा त्या कायद्याचा मोठा शहाणपणा आहे. परंतु यापूर्वी २५ ऑक्टोबर १९८० अशी एक तारीख ठरली होती. ती मागे पडून २००५ आली. एकदा सरकलेली तारीख पुन्हा सरकेल, अशी आशा रानात पसरली तर नवल काय? आज तोडा, पेरा, दहा वर्षे टिकून राहा, म्हणजे उद्या पट्टा मिळेल, असे सांगणारा दलाल याच आशेवर धंदा करतो. दुसरीकडे, जुन्यांचे खरे दावे वर्षानुवर्षे पडून राहतात किंवा नाकारले जातात. नाकारलेल्या दावेदारांस जमिनीवरून हटवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यास स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात देशभरच्या लक्षावधी चुलींपुढे कोणती रात्र गेली असेल, याची कल्पना कवळ्याच्या आणि मंगेशीच्या कुळाव्यांस तरी करता यावी.

या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट स्पष्ट दिसते. बाहेरून येणारा माणूस मुलखास भार होतो की बळ होतो, हे त्याच्या जातीवर वा बोलीवर अवलंबून राहिलेले नाही. निमाडच्या ओस जमिनीवर आलेला रयत बळ झाला, कारण त्यास मोकळी जमीन, मुदत आणि नाव मिळाले. अंत्रुजेत आलेला कुळावी बळ झाला, कारण तेथल्या यजमानाने त्यास टिकू दिले. नेवाडावरचा बारेला भार झाला, कारण तो दुसऱ्याच्या चुलीवरचे लाकूड ओढून घेत आहे, आणि स्वतः उद्याच्या भरवशाविना जगत आहे. म्हणून मार्गही दुहेरी असावा लागेल. तारीख ठरली आहे ती ठाम राहावी, नवी तोड थांबावी, आणि कुऱ्हाड धरणाऱ्या हाताबरोबर ती धरावयास लावणारा हातही धरला जावा. पण त्याआधी, किमान त्याबरोबर, ज्यांचा दावा त्या तारखेपूर्वीचा आहे त्यांचा निकाल लागावा. कारण जुन्यास कागद मिळाल्याखेरीज नव्यास ‘तू नवा आहेस’ असे न्यायाने सांगता येत नाही. आणि ज्या गावांतून ही माणसे निघतात तेथील तुकड्या-तुकड्यांची झालेली शेती सावरल्याशिवाय रानाच्या वाटेवर कितीही चौक्या बसविल्या, तरी त्या पुरणार नाहीत.

आपल्या देवांस झाडीतल्या जागेचा कागद मिळण्यास पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली. देव थांबू शकतात; त्यांस भूक लागत नाही, पेरणीची वेळ चुकत नाही. १८७८ च्या रेषेत सापडलेला कोरकू माणूस आहे, आणि त्याच्या वाट पाहण्यास आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली आहेत. पुढच्या जत्रेत पालखी नव्या जागेतील देवळास प्रदक्षिणा घालील, तेव्हा ही जागाही कधी कोणाची तरी थड होती आणि तिने आपणांस उतरू दिले होते, याची आठवण आपण ठेवावी.